जीवरसायनज्ञाचे वेतन

शास्त्रज्ञांची चरित्रे आपण पुष्कळ वाचतो. त्यांत जन्मगाव असते, गुरूंची नावे असतात, शोधाचे वर्ष असते आणि अखेरीस पारितोषिकांची यादी असते. एक रकाना मात्र बहुधा कोरा सोडलेला आढळतो : हा मनुष्य महिन्याकाठी काय मिळवीत होता, आणि ते त्याला कोण देत होते? ज्ञानाच्या उपासकाला पगार विचारणे असभ्यपणाचे, अशी आपली एक जुनी समजूत आहे. आज आम्ही तो असभ्यपणा करणार आहोत. मुलाने वा मुलीने जीवरसायनशास्त्र घेतो म्हटले की घरातले वडीलधारे पहिला प्रश्न हाच विचारतात. तेव्हा व्याख्यानमंडपात तो विचारण्यास हरकत नसावी.

जीवरसायनशास्त्र म्हणजे सजीवांच्या देहात चालणाऱ्या रासायनिक घडामोडींचे शास्त्र. ते जन्मले ते दोन घरांच्या मधल्या बोळात. वैद्यकवाले म्हणत, हे रसायनशास्त्र आहे. रसायनवाले म्हणत, ही वैद्यकाची चाकरी आहे. त्यामुळे प्रारंभी या विषयाला स्वतःचे अध्यासनच नव्हते, आणि अध्यासन नाही तेथे वेतनही नाही. फेलिक्स होप्पे-सायलर हे १८७२ साली स्ट्रासबुर्ग येथे शरीरक्रियात्मक रसायनाचे प्राध्यापक झाले आणि १८७७ साली त्यांनी या विषयाचे स्वतंत्र नियतकालिक काढले, तेव्हा नामांकित शरीरक्रियाशास्त्रज्ञ फ्ल्यूगर यांनी वेगळ्या शास्त्राची गरजच काय, म्हणून विरोध केला. वाद तत्त्वाचा दिसतो खरा. पण त्याच्या बुडाशी जागा, खोल्या आणि पैसा होता, हे चाणाक्ष वाचकास सांगावयास नको. इंग्लंडात जीवरसायनाचे पहिले अध्यासन १९०२ साली लिव्हरपूलला निर्माण झाले. केंब्रिजला त्यासाठी १९१४ उजाडावे लागले.

आणि केंब्रिजच्या त्या अध्यासनावर जो पुरुष बसला, त्याची हकीकत मुळातून पाहण्याजोगी आहे. फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांना सर मायकेल फॉस्टर यांनी १८९८ साली केंब्रिजला बोलावून घेतले. वेतन ठरले वर्षाला २०० पौंड. हॉपकिन्स तेव्हा सदतीस वर्षांचे होते, आणि त्याच वर्षी त्यांनी संसार थाटला होता. दोनशे पौंडांत तो चालेना. म्हणून त्यांनी इमॅन्युएल कॉलेजातील विद्यार्थ्यांच्या शिकवण्या पत्करल्या. या शिकवण्या जीवरसायनाच्या नव्हेत. शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्र यांच्या! दिवस शिकवण्यांत जावा आणि उरल्या वेळात संशोधन करावे, असा क्रम दहा-बारा वर्षे चालला. त्याही स्थितीत १९०१ साली त्यांनी ट्रिप्टोफॅन हे ॲमिनो आम्ल वेगळे काढले आणि १९०५ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. मान मिळाला, पण शिकवण्या सुटल्या नाहीत. १९१० साली त्यांची प्रकृती ढासळली. तेव्हा कोठे ट्रिनिटी कॉलेजाने त्यांना अशी जागा देऊ केली, की जिच्यात अध्यापनाचे ओझे जवळजवळ नव्हते. दोन वर्षांत, म्हणजे १९१२ साली, त्यांचा तो प्रसिद्ध निबंध बाहेर पडला. शुद्ध प्रथिने, पिष्ट, स्निग्ध आणि क्षार एवढ्यावर पोसलेले उंदराचे पिल्लू वाढत नाही, थोडे दूध घातले की वाढू लागते, हे त्याचे सार. जीवनसत्त्वांच्या शास्त्राचा तो एक पाया ठरला आणि १९२९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता यावरून कोणी असे म्हणेल, की हालअपेष्टांतूनच मोठे शोध लागतात. आम्हांला ते मान्य नाही. हॉपकिन्स यांच्या आयुष्यातील तारखा उलटेच सांगतात. वेतनाचा अर्थ येथे सुखसोयी असा नसून मोकळा वेळ असा आहे. ट्रिनिटीने तो वेळ विकत घेऊन दिला नसता तर त्या उंदरांकडे पाहण्यास कोणास सवड होती?

पुढे सर विल्यम डन यांच्या मृत्युपत्रातील निधीतून केंब्रिजला २ लाख पौंडांहून अधिक रक्कम मिळाली आणि १९२४ साली जीवरसायनाची स्वतंत्र इमारत उभी राहिली. हॉपकिन्स यांनी तिचे दरवाजे स्त्रियांना उघडे ठेवले, हा त्यांचा मोठेपणा. पण दरवाजा उघडा असणे वेगळे आणि हजेरीपटावर नाव असणे वेगळे. मार्जरी स्टीफन्सन या जिवाणूंच्या रसायनातील अग्रणी विदुषी. त्या बरीच वर्षे वैद्यकीय संशोधन परिषदेच्या वर्षावर्षाच्या अनुदानावर काम करीत राहिल्या. यंदाचे अनुदान संपले, पुढचे येईल की नाही, हा प्रश्न प्रत्येक वर्षी नवा. कायम नेमणूक झाली ती १९२९ साली. पुढे १९४५ मध्ये रॉयल सोसायटीने प्रथमच दोन स्त्रियांना सदस्यत्व दिले, त्यांतील त्या एक होत.

याच प्रयोगशाळेत १९३७ साली आपल्याकडील कमला भागवत जाऊन पोचल्या. बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूटमध्ये सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी त्यांना केवळ स्त्री म्हणून प्रथम नाकारले आणि मग वर्षभराच्या अटीवर घेतले, ही कथा महाराष्ट्रास ठाऊक आहे. केंब्रिजला त्यांनी वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी असल्याचे दाखविले आणि १९३९ साली डॉक्टरेट घेतली. त्या केंब्रिजला राहू शकल्या त्या शिष्यवृत्तीच्या बळावर, हे येथे ध्यानात घेण्याजोगे. परतल्यावर दिल्लीचे लेडी हार्डिंग महाविद्यालय, मग कुन्नूरची पोषण संशोधनशाळा, आणि १९४७ साली विवाहानंतर, आता कमला सोहोनी म्हणून, मुंबईची विज्ञान संस्था असा त्यांचा प्रवास झाला. तेथे त्या संचालकपदापर्यंत पोचल्या. नोकरी बदलण्याचे कारण पुरुषाच्या बाबतीत बहुधा बढती असते, स्त्रीच्या बाबतीत बहुधा विवाह, आणि वेतनाची चढण या दोघांना सारखी कधीच नसते.

याहून स्पष्ट उदाहरण अमेरिकेत सापडते. कार्ल आणि गेर्टी कोरी हे दांपत्य एकाच टेबलावर, एकाच प्रश्नावर काम करी. १९३१ साली सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात कार्ल प्राध्यापक झाले. गेर्टी यांना संशोधन-साहाय्यकाची जागा मिळाली आणि वेतन म्हणून पतीच्या पगाराचा एक अल्पसा अंश. त्या पूर्ण प्राध्यापक झाल्या १९४७ साली. नोबेल पारितोषिकाचे वर्षही तेच.

तेव्हा विद्वत्तेइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व या गोष्टीला आहे की मनुष्याला ‘नको तुमची नोकरी’ असे म्हणता येते की नाही. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांना ते म्हणता येत नव्हते. आंध्रातील भीमवरमचा हा वैद्य १९२२ साली बोस्टनला उतरला. पोटासाठी त्याने रुग्णालयात रात्रपाळीची हलकी कामे केली. रोग्यांची भांडीसुद्धा उचलली. दिवसा हार्वर्ड. १९२५ साली फिस्के आणि सुब्बाराव यांची फॉस्फरस मोजण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. तिच्यावाचून पुढे कोणत्याही जीवरसायनशाळेचे पान हलेना. स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन आणि पुढे एटीपी हा देहाचा ऊर्जावाहक रेणू याच जोडीच्या कामातून पुढे आला. तरी हार्वर्डने त्यांना कायम जागा दिली नाही. परदेशी, गौरेतर, नागरिकत्वाचा मार्गच कायद्याने बंद. असा मनुष्य घासाघीस ती काय करणार? १९४० साली त्यांनी हार्वर्ड सोडले आणि ते लेडर्ली या औषध-कंपनीच्या संशोधनशाळेत गेले. तेथे त्यांना माणसे मिळाली, साधने मिळाली, आणि फॉलिक आम्ल, हत्तीरोगावरील हेट्राझान अशी कामे झाली. आपल्याकडे ‘विद्यापीठ पवित्र, कारखाना बाजारू’ असे सरसकट बोलण्याची पद्धत आहे. सुब्बाराव यांच्यापुरते तरी औदार्य कारखान्यात होते.

म्हणून कारखान्यात सारे आलबेल असते असे नव्हे. शोध विकला जाऊ लागला की पगाराशेजारी एक दुसरा, मोठा आकडा येऊन बसतो, तो म्हणजे एकस्वाच्या हक्काचा. टोरांटोला १९२३ साली इन्शुलिनचे एकस्व बँटिंग, बेस्ट आणि जीवरसायनज्ञ कॉलिप या तिघांनी विद्यापीठाला प्रत्येकी एक डॉलर घेऊन दिले. हेतू उदात्त होता, आणि तो तिघांना ठाऊक होता. वीस वर्षांनी अमेरिकेतील रटगर्स येथे घडले ते निराळे.

आल्बर्ट शाट्स हा तेथील तेवीस वर्षांचा विद्यार्थी. त्याचे गुरू सेल्मन वॅक्समन हे मातीतील सूक्ष्मजीवांचे मोठे अभ्यासक, स्वतः जीवरसायनाचे डॉक्टर. शाट्सला महिना ४० डॉलर मिळत. क्षयाचे जंतू हाताळायचे म्हणून त्याची जागा तळघरात. पुष्कळदा तो तेथेच झोपे. १९४३ च्या ऑक्टोबरात त्याला स्ट्रेप्टोमायसिन सापडले. आपल्या आधीच्या पिढीने घराघरांतून पाहिलेल्या क्षयावरचे ते पहिले प्रभावी प्रतिजैविक. गुरुशिष्यांनी एकस्वाचे हक्क विद्यापीठाच्या प्रतिष्ठानाच्या नावे करून दिले. पण त्या प्रतिष्ठानाशी वॅक्समन यांचा स्वतंत्र करार होता, आणि स्वामित्वशुल्काचा पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जात होता. शिष्यास याची वार्ता नव्हती. १९५० च्या मार्चमध्ये शाट्सने दावा लावला, तेव्हा वॅक्समन यांना सुमारे साडेतीन लाख डॉलर मिळाल्याचे उघड झाले. डिसेंबरात तडजोड झाली. शाट्स सहसंशोधक असल्याचे मान्य करण्यात आले. त्याला परदेशी हक्कांबद्दल १ लाख २० हजार डॉलर आणि शुल्काचे ३ टक्के, वॅक्समन यांना १० टक्के, आणि प्रयोगशाळेतील इतर सहकाऱ्यांत मिळून ७ टक्के वाटले गेले. या सहकाऱ्यांत काचेची भांडी धुणारासुद्धा होता. या निवाड्यातील आम्हांला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच. भांडे स्वच्छ नसेल तर प्रयोग नासतो, हे प्रयोगशाळेत एक दिवस काढलेला कोणीही सांगेल. पण ते हिशेबात क्वचित धरले जाते.

दावा जिंकूनही शाट्स हरला. गुरूला कोर्टात खेचणाऱ्या विद्यार्थ्यास नामांकित प्रयोगशाळांची दारे बंद झाली. १९५२ चे नोबेल एकट्या वॅक्समन यांना मिळाले. रटगर्सने शाट्सला आपले पदक दिले ते १९९४ साली, तो सत्तरी उलटून गेल्यावर.

पुढच्या पिढीने यातून धडा घेतला, निदान काहींनी. सॅन फ्रान्सिस्कोचे जीवरसायनज्ञ हर्बर्ट बॉयर यांनी १९७६ साली रॉबर्ट स्वॉन्सन या तरुण व्यावसायिकाबरोबर प्रत्येकी ५०० डॉलर घालून जेनेन्टेक कंपनी काढली. १९८० च्या ऑक्टोबरात तिचे भाग बाजारात आले. ३५ डॉलरचा भाग थोड्याच वेळात ८८ वर गेला, आणि बॉयर यांच्या भागांची किंमत ६ कोटी डॉलरांहून अधिक झाली. याउलट कॅरी मुलिस. डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची युक्ती त्यांना १९८३ साली सुचली. ते सीटस कंपनीचे पगारी नोकर होते. कंपनीने १० हजार डॉलर बक्षीस दिले, आणि १९९१ साली त्या युक्तीचे हक्क ३० कोटी डॉलरांना विकले. दोघांच्या बुद्धीत फरक काढणे कठीण आहे. एकाच्या हाती भाग होते, दुसऱ्याच्या हाती नेमणूकपत्र, एवढाच फरक.

आणि कातालिन कारिको? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आरएनएवर काम करणाऱ्या या हंगेरियन जीवरसायनज्ञ बाईंना अनुदाने मिळेनात, म्हणून १९९५ साली त्यांची पदावनती झाली. वर्षाला ६० हजार डॉलरांहून अधिक त्यांनी कधी मिळविले नाहीत, असे न्यू यॉर्क टाइम्सने २०२१ साली छापले. २०२३ साली त्यांना नोबेल मिळाले. स्टीफन्सनबाईंचे वर्षावर्षाचे अनुदान आणि कारिकोंची पदावनती यांत सत्तर वर्षांचे अंतर आहे. रीत मात्र तीच. पगार विषयाला नव्हे, त्या वर्षी जो विषय अनुदान देणाऱ्यांना रुचेल त्याला.

आजचे आकडे थोडक्यात सांगतो. अमेरिकन सरकारच्या गणनेप्रमाणे २०२३ च्या मे महिन्यात तेथील जीवरसायनज्ञ व जीवभौतिकज्ञ यांचे मध्यम वेतन वर्षाला १,०७,४६० डॉलर होते. कंपन्यांतील लोक त्याच्या वर, महाविद्यालयांतील खाली. डॉक्टरेट संपवून नुकताच पुढील संशोधनाला लागलेला तरुण मात्र २०२४ सालच्या सरकारी दराने ६१,००८ डॉलरवर होता.

आपल्याकडे संशोधक विद्यार्थ्यांनी रस्त्यावर उतरून मागणी केल्यावर २०१९ साली कनिष्ठ विद्यावेतन महिना २५ हजारांवरून ३१ हजार रुपये झाले. १ जानेवारी २०२३ पासून ते ३७ हजार आहे. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे साहाय्यक प्राध्यापकाचे मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होते. आकडा वाईट नाही. पण तो जागा भरलेल्या असतील तर. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत कायम जागा रिकाम्या राहतात आणि डॉक्टरेट घेतलेली मुले तासिका तत्त्वावर शिकवतात. तासिकेचे पैसे वर्गात उभे राहिल्याबद्दल मिळतात. प्रयोगशाळेत घालविलेल्या संध्याकाळचे मिळत नाहीत. आणि उन्हाळ्याच्या सुटीत वर्ग भरत नाहीत, म्हणून तासिकाही नसतात.