गुडघ्याच्या झिजेची प्रतवारी : एकवाक्यतेच्या शोधाचा इतिहास

प्रस्तावना

विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला आणि जिवंत माणसाचे हाड प्रत्यक्ष पाहणे शक्य झाले. मात्र क्ष-किरण चित्र केवळ सावल्या दाखविते. त्या सावल्यांना 'सौम्य', 'मध्यम' वा 'तीव्र' ही नावे पाहणारा माणूस देतो. गुडघ्याच्या सांध्याची झीज, म्हणजेच ऑस्टिओआर्थ्रायटिस, हा विकार उतारवयात सर्वत्र आढळतो. एकाच गुडघ्याच्या चित्राला दोन तज्ज्ञांनी दोन वेगवेगळ्या श्रेणी दिल्या, तर रुग्णाचा उपचार बदलू शकतो, औषधाच्या चाचणीचा निष्कर्ष डळमळतो आणि दोन देशांतील रोगमानाची तुलना निरर्थक ठरते. चित्रणाचे तंत्र सुधारले की हे मतभेद आपोआप मिटतात, असा एक समज आहे. तो इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकतो, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय.

मँचेस्टरची श्रेणीपद्धती

चित्रवाचनातील मतभेदांची जाणीव प्रथम छातीच्या चित्रांमुळे तीव्र झाली. अमेरिकेत क्षयरोगाच्या शोधमोहिमेतील चित्रांच्या वाचनाचा अभ्यास १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला. अनुभवी वाचकांचे आपापसांत तर जुळत नाहीच, पण तोच वाचक तेच चित्र पुन्हा पाहताना स्वतःच्याही मताशी सुसंगत राहत नाही, असे त्यातून दिसून आले.

याच सुमारास इंग्लंडमध्ये मँचेस्टर येथील जोनास केलग्रेन आणि जॉन लॉरेन्स हे कोळसा खाणकामगारांच्या सांध्यांचा अभ्यास करीत होते. शेकडो कामगारांची तुलना करावयाची तर 'झीज आहे' आणि 'झीज नाही' एवढी दोनच उत्तरे पुरेशी नव्हती. १९५७ मध्ये त्यांनी शून्य ते चार अशी पाच श्रेणींची पद्धती प्रसिद्ध केली. शून्य म्हणजे निर्दोष, एक म्हणजे संशयास्पद, दोन म्हणजे अल्प, तीन म्हणजे मध्यम आणि चार म्हणजे तीव्र झीज. हाडांच्या कडांना आलेली वाढ, सांध्यातील अंतर कमी होणे, कूर्चेखालील हाड घट्ट होणे आणि हाडाच्या टोकांचा आकार बदलणे, ही लक्षणे त्यासाठी पाहिली जात.

या दोघांनी केवळ श्रेणी सुचविल्या नाहीत, तर त्यांची परीक्षाही घेतली. ५५ ते ६४ वयोगटातील ८५ व्यक्तींच्या सांध्यांच्या चित्रांचे वाचन दोघांनी केले. तपासलेल्या सांध्यांत गुडघ्याबाबतची एकवाक्यता सर्वांत चांगली ठरली; तिचा सहसंबंध गुणांक ०.८३ इतका आला. १९६१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धती साथरोगशास्त्रीय अभ्यासासाठी स्वीकारली आणि १९६३ मध्ये प्रमाणचित्रांचा संग्रह प्रसिद्ध झाला. वाचकाने आपल्या समोरचे चित्र संग्रहातील चित्राशी ताडून पाहावे, ही त्यामागील कल्पना होती.

शब्द आणि संख्या यांच्या मर्यादा

तथापि, या पद्धतीत दोन उणिवा राहिल्या. पहिली उणीव संख्येची होती. एखादा वाचक दुसऱ्यापेक्षा नेहमी एक श्रेणी अधिक देत असेल, तरीही सहसंबंध गुणांक पूर्ण येऊ शकतो. म्हणजे मतभेद कायम असूनही आकडा एकवाक्यता दाखवितो. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये 'कॅपा' हा गुणांक मांडून योगायोगाने होणारी एकवाक्यता वजा करण्याचा मार्ग दाखविला. १९६८ मध्ये त्यांनी लहान मतभेदाला कमी आणि मोठ्या मतभेदाला अधिक भार देणारे त्याचे रूप सुचविले.

दुसरी उणीव शब्दांची होती. 'अल्प' झीज नेमकी कोणती? हाडाची वाढ निश्चित असणे पुरेसे आहे, की सांध्यातील अंतरही कमी झालेले असावे? निरनिराळ्या मोठ्या अभ्यासांनी या श्रेणींची वर्णने निरनिराळ्या शब्दांत केली होती, हे डच संशोधकांनी २००८ मध्ये निदर्शनास आणले. रोगी आणि निरोगी यांची सीमारेषा बहुधा दुसऱ्या श्रेणीवरच आखली जात असल्याने हा शब्दभेद किरकोळ मानता येत नाही. त्यापूर्वी १९९५ मध्ये प्रत्येक लक्षणाला शून्य ते तीन असे स्वतंत्र गुण देणारा नवा चित्रसंग्रह तयार झाला होता. २००७ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली.

एकवाक्यतेचे मोल बीजिंगच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. तेथील वृद्धांची तपासणी अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम अभ्यासाच्याच पद्धतीने करण्यात आली. बीजिंगमधील वृद्ध स्त्रियांत गुडघ्याची झीज अमेरिकी स्त्रियांपेक्षा अधिक आढळते, हा २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष विश्वासार्ह ठरला, तो मोजपट्टी समान असल्यामुळेच.

एमआरआयचे आगमन

क्ष-किरणांना कूर्चा थेट दिसत नाही. पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये पाया घातलेल्या एमआरआय तंत्राने कूर्चा, मिनिस्कस, अस्थिबंध आणि हाडाच्या आतील बदल दृष्टिपथात आणले. दिसणारे वाढले, तसे मतभेदाचे मुद्देही वाढले. गुडघ्याचे अनेक भाग पाडून प्रत्येकाला गुण देणाऱ्या पद्धती २००४, २००८ आणि २०११ मध्ये एकामागून एक आल्या. प्रत्येक नव्या पद्धतीला आधीच्या पद्धतीतील संदिग्धता दूर करावयाची होती.

त्यातच एक नवी अडचण समोर आली. फ्रॅमिंगहॅम येथील ५० वर्षांवरील ज्या ७१० व्यक्तींच्या क्ष-किरण चित्रात झीज नव्हती, त्यांपैकी ८९ टक्के व्यक्तींच्या गुडघ्यांत एमआरआयने एखादा तरी दोष दाखविला, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. दोषाची नोंद अचूक असू शकते. परंतु तो दोष म्हणजे आजार आहे काय, हा प्रश्न वेगळाच राहतो.

यंत्राची दृष्टी

२००४ पासून अमेरिकेत ४,७९६ व्यक्तींच्या गुडघ्यांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला. त्यातील चित्रांमुळे संगणकाला प्रतवारी शिकविणे शक्य झाले. फिनलंडमधील औलू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रणालीचा भारित कॅपा ०.८३ इतका होता. मात्र नेमकी श्रेणी जुळण्याचे प्रमाण सुमारे ६७ टक्केच होते. हे ०.८३ आणि १९५७ मधील ०.८३ ही वेगवेगळी मापे असल्याने त्यांची थेट तुलना करता येत नाही. परंतु यंत्राचे उत्तर ज्या श्रेणींशी ताडून पाहिले गेले, त्या माणसांनीच दिलेल्या होत्या, ही बाब महत्त्वाची आहे. शिकविणाऱ्यांच्या व्याख्येतील संदिग्धता शिकणाऱ्या यंत्रातही उतरते.

समारोप

या साठ वर्षांच्या वाटचालीवरून असे म्हणता येईल की, प्रतवारीतील एकवाक्यता हा डोळ्याचा वा यंत्राचा गुण नाही. तो व्याख्या, प्रमाणचित्रे, वाचकांचे प्रशिक्षण आणि मतभेद सोडविण्याची ठरलेली रीत यांवर उभा असलेला करार होय. प्रत्येक नव्या साधनाबरोबर तो करार नव्याने करावा लागला. म्हणूनच एखाद्या अहवालातील श्रेणी वाचताना ती कोणत्या व्याख्येने दिली, हा प्रश्न विचारणे वैद्यकाच्या अभ्यासकाइतकेच इतिहासाच्या आणि संख्याशास्त्राच्या अभ्यासकाचेही कर्तव्य ठरते.