गावाचे दप्तर

शेत विकत घ्यायचं म्हटलं की आपण सात-बाराचा उतारा पाहतो, बांधाला बांध कोणाचा ते विचारतो, विहिरीचं पाणी चैत्रात टिकतं की नाही याची खात्री करून घेतो. पण ज्या गावात आपला जन्म गेला, त्या गावाची एवढी चौकशी आपण कधी केलेली असते का? गाव सुधारावं असं सगळ्यांनाच वाटतं. मात्र आधी ते ओळखावं लागतं, आणि त्यासाठी गावाचं दप्तर उघडावं लागतं. खानदेशच्या दोन शहरांचं, धुळे आणि जळगावचं, दप्तर उघडलं तर काय दिसतं, ते वाचकहो, आपण पाहू.

१८१८ साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला. तेव्हा धुळे हे लळिंगच्या सावलीतलं एक लहानसं खेडं होतं. कॅप्टन जॉन ब्रिग्ज या अधिकाऱ्यानं ते आपलं मुख्य ठाणं म्हणून निवडलं. हाच ब्रिग्ज पुढं फिरिश्त्याच्या इतिहासाचा इंग्रजी भाषांतरकार म्हणून प्रसिद्धीस आला. १८१९ साली धुळ्यात घरं होती ४०१ आणि माणसं २,५०९. १९०१ च्या खानेसुमारीत हाच आकडा २४,७२६ झाला. म्हणजे ऐंशी-ब्याऐंशी वर्षांत गाव जवळजवळ दसपट वाढलं! हे आकडे कोणीतरी वेळेवर लिहून ठेवले म्हणून आज आपल्याला सांगता येतात.

आता जळगावकडं वळू. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि इकडं खानदेशी कापसाला सोन्याचा भाव आला. आगगाडीही नुकतीच आली होती. जळगावची पेठ भरभराटली. युद्ध संपलं तसे भाव कोसळले आणि व्यापाऱ्यांचे दिवाळे वाजले. दूरच्या मुलखातल्या लढाईनं आपल्या पेठेत काय उलथापालथ केली, हे जुन्या अहवालांतून स्वच्छ दिसतं. याच धामधुमीच्या वर्षांत धुळ्याला १८६२ साली आणि जळगावला १८६४ साली नगरपालिका आली. त्याबरोबर पाणी, दिवाबत्ती, रस्ते, गटारं यांचे हिशेब कागदावर येऊ लागले.

हे सारं एकत्र पाहायचं तर १८८० साली निघालेला खानदेशचा गॅझेटियर हाती घ्यावा. जेम्स कॅम्बेल यांनी संपादिलेल्या मालेतला हा बारावा खंड. नद्या, पिकं, बाजार, देवळं, किल्ले, काय नाही त्यात! पुढं १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर जळगावचा नवा गॅझेटियर १९६२ साली आणि धुळ्याचा १९७४ साली निघाला. जुना आणि नवा शेजारी ठेवून वाचले तर आपल्या गावात काय बदललं आणि काय तसंच राहिलं, ते समजतं.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. कागद कोणी लिहिला आणि कशासाठी लिहिला, हे विचारल्याशिवाय त्यावर विश्वास टाकू नये. साहेबांना सारा वसूल करायचा होता, बंदोबस्त ठेवायचा होता. म्हणून भिल्लांविषयी लिहिताना त्यांना मुख्यतः बंदोबस्ताचा प्रश्न दिसला. १८२५ साली औट्रम साहेबानं भिल्ल पलटण उभी केली ती याच दृष्टीनं. रान गेल्यावर त्या माणसांचं काय झालं, हे त्यांच्या तोंडून कोणी लिहून घेतलं नाही. दप्तरातली ही कोरी पानं आपणच ओळखायला हवीत.

सरकारी कागदाबाहेरही गावाचं ज्ञान असतं. पांझरेच्या काठची फड पद्धत घ्या. नदीवर लहान बंधारे, त्यांतून निघालेले पाट, आणि गावच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, दरसाल पीक फिरवायचं. पाटकरी पाणी देणार, जागल्या राखण करणार. पाणी थोडं असलं तरी वाट्यावरून डोकी फुटू नयेत, अशी ही व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः लोकांच्या तोंडी टिकली. तसंच बहिणाबाई चौधरींचं. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण शेत, जातं, माहेर, अगदी छापखानासुद्धा त्यांच्या गाण्यांत आला. मुलानं ती गाणी जपली म्हणून १९५२ साली त्यांचं पुस्तक झालं. जपली नसती तर? खानदेशातल्या बाईचं जिणं कोणत्या अहवालात सापडलं असतं?

जपणं हेच खरं काम, हे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी जन्मभर करून दाखवलं. वाड्यावाड्यांतून पोटमाळ्यावरची दप्तरं त्यांनी धुंडाळली आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड उभे केले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच त्यांनी देह ठेवला. दुसऱ्याच वर्षी, १९२७ साली, धुळेकरांनी त्यांच्या नावे संशोधन मंडळ स्थापन केलं आणि त्यांचे कागद सांभाळले. त्याच गावात शंकरराव देवांनी रामदासी वाङ्मयाची बाडं गोळा करून ठेवली. तालुक्याएवढ्या गावानं असं धन राखावं, ही काही लहानसहान गोष्ट नव्हे.

यात आपला काय फायदा, असं कोणी विचारील. १८७२ साली पांझरेला मोठा पूर आला आणि धुळ्यातल्या घरादारांची फार हानी झाली. पाणी कुठवर चढलं होतं, कोणता भाग बुडाला, हे ज्या गावाला ठाऊक असतं, ते नदीच्या पात्रात घरं बांधू देत नाही. ज्याला ठाऊक नसतं, ते बांधतं, आणि पुढल्या पुरात पुन्हा रडतं. जुना कागद असा जिवाशी जोडलेला असतो.

तेव्हा वाचकहो, एवढं करा. नगरपालिकेचा जुना वार्षिक अहवाल वाचनालयात असेल तर मागून वाचा. शाळेची जुनी हजेरीपत्रकं, बाजार समितीच्या वह्या, वाड्यातली बाडं रद्दीत घालण्यापूर्वी कुणा जाणत्याला दाखवा. घरातल्या आजीला विचारा: पाणी कुठून आणत होतीस, दुष्काळात काय खाल्लंत? ती अहिराणीत सांगेल, तर अहिराणीतच लिहून घ्या, आणि खाली तारीख घाला. शंभर वर्षांनी आपलं गाव समजून घेणाऱ्याला आपण लिहिलेला तो कागद उपयोगी पडेल.