खरेदीखत कीं गहाणखत?

पुणें-सोलापूर लोहमार्गावर, करमाळें तालुक्यांत जेऊर हें गांव आहे. या कोरडवाहू मुलखांत पाऊस हुकला कीं शेतकऱ्यास सावकाराचें दार गांठावें लागे. सावकार पैसे देई. पण पुष्कळदां कागद कर्जाचा न करतां खरेदीचा करून घेई. ‘रक्कम फेडली म्हणजे जमीन परत’ हा करार तोंडींच राही. तंटा न्यायालयांत गेला म्हणजे १८७२ चा पुराव्याचा कायदा आड येई. लेखी दस्ताविरुद्ध तोंडी बोलीस त्यांत सहसा थारा नसे. एका शब्दापायीं वडिलोपार्जित जमीन जाई.

१८७५ च्या मे महिन्यांत भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचे कागद जाळले, तें उगाच नव्हे. त्या दंग्यांच्या चौकशीनंतर १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांस कर्जांतून सोडविण्याचा कायदा झाला. तो पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांस लागू असल्यामुळें जेऊरही त्याच्या कक्षेंत आलें. कर्जाचा इतिहास मुळापासून तपासणें हें आतां न्यायाधीशाचें कर्तव्य झालें. मात्र हें संरक्षण ‘शेतकरी’ या व्याख्येंत बसणारासच मिळे. सर्वस्वीं किंवा मुख्यत्वेंकरून शेतीवर उपजीविका करणारा तो शेतकरी. मग ‘मुख्यत्वेंकरून’ म्हणजे किती, यावर वकिलांचे वाद रंगत. पुढें १९०७ च्या दुरुस्तीनें, शेतकरी पक्षकार असल्यास दस्ताचें नांव बाजूस ठेवून व्यवहाराचें खरें स्वरूप ठरविण्याचा अधिकार न्यायालयास मिळाला. १९२९ सालीं मिळकतीच्या सर्वसाधारण कायद्यांत मात्र असें ठरलें कीं, परत देण्याची अट त्याच दस्तांत नसेल, तर तें गहाण मानूं नये.

आज मुंबईच्या बाजारांत शेअरही उसने दिले जातात. राष्ट्रीय शेअर बाजारांत ही सोय २००८ पासून आहे. अशा व्यवहारांचा आंतरराष्ट्रीय नमुना करार २०१० सालचा आहे. त्यांत शब्द ‘उसने’ असाच आहे. पण कलम स्पष्ट सांगतें कीं, मालकी घेणाऱ्याकडे पूर्ण जाते, आणि परत द्यावयाचे ते तेच शेअर नव्हेत, तर त्याच जातीचे व तितकेच ‘समतुल्य’ शेअर. शेजारणीकडून उसनी आणलेली ज्वारी फेडतांना तेच दाणे कोण परत देतें?

सावकाराच्या कागदांत नांव खरेदीचें व व्यवहार कर्जाचा. येथें नांव उसन्याचें व मालकी मात्र बदललेली. दोन्हीकडे शब्द एक व अर्थ दुसरा. परंतु येथें तो अर्थ दस्तांतच लिहिलेला असतो, आणि उभय पक्षांस वाचतां येतो. जेऊरच्या शेतकऱ्यानें ज्या कागदावर अंगठा उठविला, त्यावर तो लिहिलेला नव्हता.