पेटीतलं बाळ, देवाची निवड आणि राजाची गादी

मंडळी, देवाने निवडलेल्या वीरांचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, "सगळं खरं, आता तर शास्त्रज्ञांनीही सिद्ध केलंय." दुसरा म्हणतो, "सगळ्या भाकडकथा." दोघांचंही काम सोपं, कारण शोधायला कोणालाच जायचं नसतं. आज जरा लांबचं उदाहरण घेऊ, म्हणजे भांडण न होता शोधायचं कसं ते बघता येईल.

आजच्या इराकमध्ये साधारण ४३०० वर्षांपूर्वी सार्गोन नावाचा राजा होऊन गेला. त्याची कथा अशी. आई पुजारीण, बाप माहीत नाही. आईने गुपचूप बाळाला जन्म दिला, लव्हाळ्याच्या टोपलीत ठेवलं, झाकण डांबराने बंद केलं आणि टोपली युफ्रेटिस नदीत सोडली. अक्की नावाच्या पाणक्याला ती सापडली. त्याने पोराला वाढवलं, माळीकामाला लावलं. पुढे इश्तार देवीची मर्जी बसली आणि माळ्याचा राजा झाला.

वाचताना कर्ण आठवला ना? मोशेचीही गोष्ट अशीच. ऑटो रँक नावाच्या अभ्यासकाने १९०९ साली अशा वीरांच्या जन्मकथा एकत्र मांडल्या. त्यात सार्गोन, मोशे आणि आपला कर्ण तिघेही आहेत.

मग सार्गोन खरा का? माणूस नक्की खरा. १९२७ साली लिओनार्ड वूली यांना ऊर इथल्या उत्खननात एक गोल दगडी चकती मिळाली. तिच्यावर चंद्रदेवाची मुख्य पुजारीण एन्हेदुआना हिचं नाव आहे, आणि ती सार्गोनची मुलगी असल्याचा उल्लेख आहे. घरातलाच पुरावा म्हणा ना!

टोपलीच्या गोष्टीचं मात्र तसं नाही. ती आपल्याला मुख्यतः मिळाली निनवेच्या असुरबनिपाल राजाच्या ग्रंथसंग्रहातल्या मातीच्या पाट्यांवर. त्या पाट्या इ.स.पू. सातव्या शतकातल्या, म्हणजे सार्गोननंतर जवळपास १६०० वर्षांनी लिहिलेल्या. त्याआधी थोडीच वर्षं, इ.स.पू. ७२१ च्या सुमाराला, असीरियाच्या गादीवर एक राजा बसला आणि त्याने नाव घेतलं तेच, सार्गोन. या नावाचा अर्थच 'खरा राजा'. गादी त्याने बळकावली होती, असं अनेक अभ्यासक मानतात. टोपलीची गोष्ट त्याच्याच काळात रचली गेली असावी, असंही काहींना वाटतं. बाप कोण हे न सांगता येणारा माणूससुद्धा देवीच्या कृपेने राजा होतो, ही गोष्ट अशा राजाला किती सोयीची!

आता दुसरा राजा, इराणचा सायरस. हिरोडोटसने त्याची गोष्ट सांगितलीय. आजोबाने मारायला पाठवलेलं बाळ गुराख्याच्या घरी वाढलं, वगैरे. पण ही गोष्ट लिहिली गेली सायरसनंतर सुमारे शंभर वर्षांनी. खुद्द सायरसचा मातीचा कोरीव लेख १८७९ साली बाबिलोनमध्ये सापडला, तो आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात गुराखी नाहीच. आपला बाप राजा, आजा राजा, असं तो सरळ सांगतो. आणि बाबिलोनच्या मर्दुक देवाने सगळे देश धुंडाळून आपल्यालाच निवडलं, असंही त्यात आहे.

खरी गंमत पुढेच आहे. बायबलमधल्या यशयाच्या ग्रंथात हाच सायरस यहुद्यांच्या देवाने निवडलेला आहे! इ.स.पू. ५३९ मध्ये बाबिलोन जिंकणारा माणूस एकच, पण त्याला निवडणारे देव दोन. ज्या लोकांना त्याचं राज्य आपलंसं करायचं होतं, त्यांनी आपापल्या देवाच्या तोंडून होकार दिला.

देवाने निवडलं की नाही, हे कुठल्याच उत्खननात सापडणार नाही. तो श्रद्धेचा भाग, आणि त्याची टिंगल करायचं कारण नाही. पण तीन गोष्टी नक्की शोधता येतात. गोष्ट कोणी लिहिली? घटनेनंतर किती वर्षांनी लिहिली? आणि तेव्हा गादीवर कोण होतं? 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं' असा मेसेज पुढे ढकलण्याआधी एवढं विचारलं तरी पुष्कळ.

कर्णाचं मला म्हणूनच वेगळं वाटतं. पेटी तीच, नदी तशीच, बाप तर साक्षात सूर्य. पण त्या जन्माचा कर्णाला काही उपयोग झाला नाही. शेवटपर्यंत जग त्याला सूतपुत्रच म्हणत राहिलं. तिथे पेटीची गोष्ट कुणाची गादी पक्की करत नाही, उलट जन्मावरून माणसाला जोखणाऱ्यांनाच उघडं पाडते.

आज चौकाचौकांत फ्लेक्स लागतात, कोणी 'युगपुरुष', कोणी 'देवमाणूस'. पक्ष कुठलाही असो, वरचे तीन प्रश्न तिथेही चालतात. गोष्ट कोण सांगतंय आणि फ्लेक्सचे पैसे कोणी दिले, एवढं तरी बघा.

आणि एक विनंती. आपल्या गावाच्या, देवस्थानाच्या, घराण्याच्या मूळपुरुषाच्या कथा जुन्या माणसांकडून ऐकून लिहून ठेवा. खाली सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख टाका. शंभर वर्षांनी शोधणाऱ्याला तीच नोंद कामाला येईल.