'बिघाड ५४' आणि लेखनाचा तास

१९८७ सालच्या शरद सत्रात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात 'सीएस २०९' या क्रमांकाचा एक अभ्यासक्रम सुरू झाला. त्याचे नाव 'गणिती लेखन' आणि शिकवणारे होते डोनाल्ड क्नूथ. क्नूथ म्हणजे 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग' या ग्रंथमालेचे कर्ते, १९७४ च्या ट्युरिंग पुरस्काराचे मानकरी आणि गणिताची पाने सुबक छापता यावीत म्हणून 'टेक' ही प्रणाली रचणारे. एवढ्या अधिकाराचा माणूस आज्ञावल्यांची नवी तंत्रे बाजूला ठेवून मोठ्या विद्यार्थ्यांना वाक्य कसे लिहावे ते शिकवणार होता. पहिल्या तीन तासांना सुमारे २०० जण हजर राहिले. पुढे आणखी २८ तास झाले.

'संवादकौशल्य' म्हटले की मुलाखतीला कसे बसावे, हात कसा मिळवावा हे शिकवणारे वर्ग आपल्या डोळ्यांपुढे येतात. क्नूथ यांचा वर्ग त्या जातीचा नव्हता. प्रबंध, शोधनिबंध, आज्ञावलीची माहितीपुस्तिका हे सारे वाचणाऱ्याला कळते की नाही, एवढीच तिथली कसोटी होती. नियमही अगदी साधे. वाक्याची सुरुवात चिन्हाने करू नये. दोन सूत्रे शेजारी आली तर त्यांच्यामध्ये एखादा शब्द असावा. तर्कशास्त्रावरचा लेख नसेल तर ∴ सारखी चिन्हे न वापरता सरळ शब्द लिहावेत. हा शेवटचा नियम वाचताना आम्हाला हसू आले. ∴ आणि ∵ यांच्या दोन रांगांवर उभी असलेली आपली शालेय भूमिती क्नूथ यांच्या हाती पडली असती, तर तांबड्या शाईची दौत पुरली नसती!

आणखी एक नियम मराठी वाचकाला गंमतीचा वाटेल. गणिती लेखनात 'वुई' हे सर्वनाम खुशाल वापरावे, पण त्याचा अर्थ 'तुम्ही आणि मी' असा होत असेल तेव्हाच. 'मी' म्हणायचा संकोच वाटतो म्हणून नव्हे. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द असल्याने हे सांगावे लागते. मराठीत 'आपण' आणि 'आम्ही' असे दोन शब्द पूर्वीपासून आहेत. क्नूथ यांना हवा होता तो 'आपण'. (या लेखात आम्ही बराच वेळ 'आम्ही' म्हणतो आहोत, हा दोष आम्हाला मान्य आहे.)

वर्गात चालू हस्तलिखितांतील उतारे 'आधी' आणि 'नंतर' असे शेजारी ठेवून तपासले जात. क्नूथ यांनी स्वतःलाही यातून वगळले नाही. १९७७ साली 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांचा एक लेख आला होता. त्याच्या मूळ मसुद्यावर संपादकांनी केलेली काटछाट त्यांनी विद्यार्थ्यांपुढे मांडली. शिक्षकाने स्वतःची दुरुस्त झालेली वही वर्गात दाखवावी, याहून चांगला पाठ आम्हाला सुचत नाही. लेस्ली लॅम्पोर्ट आणि गणिती पॉल हाल्मोस यांच्यासारखे पाहुणे येऊन बोलले. दोन साहाय्यकांनी साऱ्या तासांची टिपणे ठेवली आणि १९८९ साली ती पुस्तकरूपाने निघाली.

या साऱ्यामागचा विचार क्नूथ यांनी १९८४ च्या एका निबंधात मांडला होता. संगणकाने काय करावे हे संगणकाला सांगणे पुरेसे नाही, आपण त्याला काय करायला सांगत आहोत हे माणसांना समजावले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. 'टेक'ची संपूर्ण आज्ञावली त्यांनी याच पद्धतीने, निबंधासारखी वाचता येईल अशी लिहिली आणि १९८६ साली पाचशेहून अधिक पानांच्या पुस्तकात छापली. आज्ञावली संगणकावर चालली म्हणजे काम झाले, असे मानणाऱ्यांना हा पंडिती हौसेचा भाग वाटणे शक्य होते.

पण माणसाला न वाचता येणारी आज्ञावली काय करू शकते, याचे एक भयंकर उदाहरण त्याच वर्षांत घडत होते. क्नूथ यांच्या वर्गाशी त्याचा काही संबंध नव्हता. 'थेरॅक-२५' हे कर्करोगावर किरणोपचार करणारे, संगणकाने चालणारे यंत्र. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात या यंत्रांनी सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर मात्रा दिली.

यांपैकी २१ मार्च १९८६ रोजी टेक्सासमधील टायलर गावी झालेला अपघात पाहू. यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञ बाईंनी इलेक्ट्रॉनऐवजी क्ष-किरणांचे अक्षर दाबले, चूक लक्षात येताच मागे जाऊन ती सुधारली आणि पुढे गेल्या. सरावाचा हात, त्यामुळे हे सारे आठ सेकंदांच्या आत उरकले. तेवढ्या वेळात यंत्रातील चुंबकांची जुळणी चालू होती आणि सुधारलेली नोंद आज्ञावलीला उमगलीच नाही. किरण सोडताच पडद्यावर उमटले : 'बिघाड ५४'. शेजारी मात्रा फारच कमी पडल्याचा आकडा होता. असे किरकोळ संदेश रोजचेच. त्यांनी 'पुढे चला'ची कळ दाबली. रुग्णाला १८० रॅड द्यायचे होते. नंतरच्या अंदाजानुसार त्याला १६,५०० ते २५,००० रॅड मिळाले. पाच महिन्यांनी तो मरण पावला. ११ एप्रिलला त्याच खोलीत, त्याच संदेशासह आणखी एका रुग्णाचा बळी गेला.

'बिघाड ५४' म्हणजे काय? रुग्णालयाकडच्या कागदावर त्याचा अर्थ 'मात्रा निवेश २' एवढाच होता. मात्रा एकतर फार जास्त किंवा फार कमी गेली आहे, असे त्यातून सांगायचे होते, हे उत्पादकांकडून पुढे कळले. दुसऱ्या अपघातानंतर रुग्णालयाच्या भौतिकतज्ज्ञाने त्याच बाईंना शेजारी बसवून त्या कळा पुन्हा पुन्हा दाबून पाहिल्या, तेव्हा संदेश हुकमी उमटू लागला. आज्ञावली कित्येक वर्षे खपून एकाच माणसाने लिहिलेली आणि तिची टिपणे अगदीच तुटपुंजी.

केवळ लेखनाच्या दोषाने माणसे दगावली असे म्हणणे बरोबर होणार नाही. आधीच्या नमुन्यातील यांत्रिक अडसर नव्या यंत्रात काढून टाकले होते, आणि उत्पादकांचा आपल्या आज्ञावलीवर भलताच विश्वास होता. तरीही १९९३ साली नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी या अपघातांचा तपशीलवार वृत्तांत प्रसिद्ध केला, तो वाचताना एक गोष्ट वारंवार पुढे येते : एकाला जे ठाऊक होते ते दुसऱ्यापर्यंत नीट शब्दांत पोचले नाही. त्याआधी दोनच वर्षे, १९९१ साली, एसीएम आणि आयईईई कॉम्प्युटर सोसायटी यांनी मिळून केलेल्या अभ्यासक्रमाच्या शिफारशींत सामाजिक, नैतिक आणि व्यावसायिक प्रश्नांना स्वतंत्र जागा मिळाली होती.

क्नूथ यांची एक चाचणी मात्र त्यासाठी संगणक लागत नसल्याने कोणत्याही वर्गात करता येईल. वाचक पहिल्या वाचनात सूत्रे गाळतो, म्हणून सूत्रांच्या जागी 'अमुक' म्हणत उतारा मोठ्याने वाचावा. तरीही वाक्ये सरळ चालली पाहिजेत. आम्ही दहावीच्या वहीतील पायथागोरसच्या प्रमेयाची सिद्धता अशी वाचून पाहिली. ती अशी झाली : 'म्हणून अमुक. कारण अमुक. म्हणून अमुक. म्हणून अमुक.'