दिवाळीचा फराळ

दिवाळीचा फराळ : दिवाळीच्या दिवसांत महाराष्ट्रात घरोघरी तयार करण्यात येणारे, बरेच दिवस टिकणारे गोड व तिखटमिठाचे पदार्थ आणि ते आप्तेष्ट, शेजारी व स्नेही यांच्या घरी पाठविण्याची प्रथा. करंजी, लाडू, चकली, शंकरपाळे, अनारसे, कडबोळी, शेव व चिवडा हे त्यांतील प्रमुख पदार्थ होत. नरक चतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानानंतर देवाला नैवेद्य दाखवून घरातील मंडळी एकत्र फराळ करतात. तथापि जे पदार्थ घरात केले जातात, त्यांचा मोठा वाटा घराबाहेर जाण्यासाठीच असतो. फराळाचे स्वरूप या पाठवणीनेच बऱ्याच अंशी ठरविले आहे, असे त्याच्या इतिहासावरून दिसते.

‘फराळ’ हा शब्द संस्कृत ‘फलाहार’ या शब्दावरून आला. फलाहार म्हणजे उपवासाच्या दिवशी धान्य वर्ज्य करून घ्यावयाचा हलका आहार. उपवासाचा फराळ हा प्रयोग या मूळ अर्थानेच रूढ आहे. पुढे पूर्ण जेवणाखेरीज जे काही खावयाचे त्या सर्वांना हा शब्द लागू पडला आणि अखेरीस तूपसाखरेने जड झालेल्या दिवाळीच्या पदार्थांचे तो नाव बनला. शब्दाच्या अर्थाने इतकी उलट दिशा घ्यावी, हे मौजेचे आहे. पण त्याला दुसरीकडेही जोड सापडते (तिचा उल्लेख पुढे येईल).

फराळातील सर्व पदार्थ सारख्या वयाचे नाहीत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कार. ११२६–३८) याच्या मानसोल्लास या ग्रंथातील अन्नभोग प्रकरणात मंडक, पोलिका, पूरिका, घारिका, वटक इ. पदार्थांच्या कृती आहेत. कणीक मळणे, सारण भरणे, तुपात तळणे या क्रिया त्या काळी पूर्ण विकसित झालेल्या होत्या, हे त्यांवरून स्पष्ट होते. संस्कृतमधील ‘शष्कुली’ या गोल तळीव पदार्थाशी चकलीचे नाते काही अभ्यासक जोडतात. कानडी ‘चक्कुली’ हे रूप या दृष्टीने लक्षणीय आहे. सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्त याने रचलेला भोजनकुतूहल हा ग्रंथ तंजावरच्या मराठी दरबाराशी संबंधित असून दक्षिणेतील खाद्यपदार्थांच्या इतिहासाचे ते महत्त्वाचे साधन मानले जाते. मात्र असे ग्रंथ राजाच्या किंवा पंडिताच्या पंक्तीचे वर्णन करतात. शेतकऱ्याच्या वा कारागिराच्या घरची कढई त्यांत सहसा दिसत नाही. दिवाळी हा शब्द ज्ञानेश्वरीत (१२९०) आढळतो, परंतु तेवढ्यावरून त्या काळच्या घराघरांतील फराळाची यादी करता येणार नाही.

शंकरपाळे हे नाव फार्सी ‘शकरपारा’ (साखरेचा तुकडा) यावरून आले. त्यात शंकराचा संबंध नाही. चिवड्याचे आजचे रूप तर त्याहून अर्वाचीन आहे. मिरची व भुईमूग ही दोन्ही पिके मूळची अमेरिका खंडातील असून पोर्तुगीजांच्या सागरी व्यापारानंतर ती भारतात पसरली. मिरचीच्या आगमनापूर्वी तिखटपणा मुख्यतः मिऱ्यांचा व सुंठीचा असे.

कोकण व गोमंतक येथे दिवाळीचा सर्वांत जुना थर टिकून आहे, तो पोह्यांचा. पावसाळी भाताची कापणी या सुमारास होते. नव्या भाताचे पोहे कांडून ते गूळखोबऱ्याचे, दुधातील, ताकातील किंवा दह्यातील, फोडणीचे असे अनेक प्रकारांनी करतात. नरक चतुर्दशीच्या सकाळी पायाच्या अंगठ्याने कारीट फोडल्यानंतर पोहे खाण्यासाठी भावकीतील व शेजारची माणसे एकमेकांच्या घरी जातात. येथे पदार्थ पाठवावा लागत नाही, माणूसच येतो. म्हणून तो टिकाऊ असण्याची गरज नसते. देशावरील व शहरांतील फराळाची गोष्ट वेगळी आहे.

टिकाऊपणा हाच तेथील पाककृतींचा गाभा होय. तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, मूग, धने व जिरे वेगवेगळे भाजून दळलेल्या भाजणीत ओलावा राहत नाही. पिठात कडकडीत तेलाचे मोहन घातल्याने चकली खुसखुशीत होते आणि डब्यात अनेक दिवस तशीच राहते. मोहन कमी पडले तर ती कडक होते, जास्त झाले तर सोऱ्यातून पडलेली चकली तेलात विरघळते. करंजी ओल्या नारळाची केली तर दोनतीन दिवसांत संपवावी लागते. म्हणून परगावी धाडावयाच्या करंजीत सुके खोबरे, खसखस व पिठीसाखर यांचे सारण भरतात. कातण्याने तिची कड कापतात. मोदक करताना एक तरी करंजी व करंज्या करताना एक तरी मोदक करावा, कारण ती बहीणभावंडे आहेत, असा समज अनेक घरांत आहे.

अनारसे हा या सर्वांत कसोटीचा पदार्थ. तांदूळ तीन दिवस भिजत घालून रोज पाणी बदलतात. नंतर ते सावलीत वाळवून, किंचित दमट असतानाच कुटून त्यांत गूळ मिसळतात. हे पीठ मुरवून ठेवतात व ते दीर्घकाळ टिकते. खसखशीवर थापलेला अनारसा खसखशीची बाजू वर ठेवून, न उलटता, मंद आचेवरील तुपात झाऱ्याने तूप उडवीत तळतात. पिठात काही चुकले की तो तुपात पसरून त्याचा चुरा होतो. यालाच ‘अनारसा हसला’ असे म्हणतात. करणारीला मात्र त्या वेळी हसू येत नाही. अधिक महिन्यात जावयाला जे तेहतीस जाळीदार पदार्थांचे वाण देतात, त्यात अनारशांचा मान मोठा आहे.

तळलेल्या व भाजलेल्या पदार्थांच्या निवडीमागे दुसरेही एक कारण होते, ते सोवळ्याओवळ्याचे. धान्य पाण्यात शिजविले की ते अन्न खरकटे ठरे व ते कोणाच्या हातचे घ्यावे याला कडक मर्यादा पडत. लाह्या, भाजलेली धान्ये किंवा दुधात भिजविलेल्या कणकेचे पदार्थ यांना हा नियम तितका लागू नसे. प्रवासाला जाताना पाण्याऐवजी दुधात कणीक मळून केलेल्या दशम्या बरोबर घेत, त्या याच कारणाने. लाडू, करंजी यांसारखे पदार्थ त्यामुळे भाताच्या पंक्तीला न बसणाऱ्या घरांतूनही स्वीकारले जाऊ शकत. जेथे माणसे एकत्र जेवू शकत नव्हती, तेथे त्यांच्यात फराळाचे ताट फिरत असे.

ही मुभा सर्वांना नव्हती. गावगाड्यात अस्पृश्य मानलेल्या जातींना सणाच्या दिवशी अन्न मिळे, पण ते बलुत्याच्या हक्काने, दाराबाहेर उभे राहून, पुष्कळदा उरलेले व शिळे. त्यांच्या घरचा लाडू मात्र वाड्यात घेतला जात नसे. देवाणघेवाण व दान यांतील हा फरक मूलभूत आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मार्च १९२७ मधील महाड येथील परिषदेत मृत जनावरांचे मांस व उष्टे-शिळे तुकडे स्वीकारणे सोडून देण्याचे आवाहन केले, त्याचे मर्म या फरकात आहे. फराळाचा इतिहास पदार्थांच्या कृतींपुरता लिहिणाऱ्यांनी या बाजूकडे सामान्यतः दुर्लक्ष केले आहे. ज्या ताटाला परतीचे ताट नाही, ते भेटीचे ताट नव्हे.

परतीचा हा संकेत बरोबरीच्या घरांत काटेकोरपणे पाळला जातो. क्रोशाने विणलेल्या रुमालाने झाकलेले ताट आले की ते रिकामे परत पाठवीत नाहीत. आपला फराळ झाला नसेल तर निदान चिमूटभर साखर तरी त्यात घालतात. नात्यांच्या वाटाही ठरलेल्या असत. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळसणास जावयाला सासुरवाडीस बोलावून त्याचा मान करतात. सासरी असलेल्या मुलीला आणण्यासाठी माहेरचा मुराळी जाई आणि ती परत निघाली की लाडू-करंज्यांची दुरडी बरोबर दिली जाई. सासरी ती दुरडी उघडून पाहिली जात असे. तिच्यातील तुपाचा वास, सारणाचा कसर आणि पदार्थांची संख्या यांवरून माहेरची पत जोखली जाई व पुष्कळदा मुलीला वर्षभर बोलणी ऐकावी लागत. फराळाच्या प्रेमळ आठवणींत ही गोष्ट सहसा येत नाही. तसेच ब्राह्मणी घरांत सोवळ्यातील सणाचा स्वयंपाक बहुधा एखाद्या विधवा आत्याच्या किंवा काकूच्या हातून होई. तिला स्वतःला एकवेळचे जेवण व सणाच्या मानापानातून वगळलेले स्थान असे.

अशीच प्रथा मराठी-कोकणी प्रदेशातील इतर समाजांतही आढळते. गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबे नाताळात नेवऱ्या, दोदोल, कुलकुल, बिबिंका इ. पदार्थांची तबके शेजाऱ्यांकडे पाठवितात. या भेटीला ‘कोन्सुआद’ म्हणतात. मूळ पोर्तुगीज ‘कोन्सुआदा’ या शब्दाचा अर्थ उपवासाच्या दिवशी रात्री घ्यावयाचा हलका आहार असा असून पुढे तो नाताळच्या पूर्वरात्रीचे भोजन व नाताळची भेट या अर्थांनी रूढ झाला. फराळ या शब्दाचा प्रवास असाच झाला आहे. नेवरी ही तर करंजीच. हिंदू घरांत ती गणेशचतुर्थीला होते. गोव्याच्या इन्क्विझिशनने १७३६ च्या आज्ञापत्राने नवख्रिस्त्यांना हिंदू चालीरीती पाळण्यास मनाई केली. भात शिजताना मीठ न घालता नंतर घेण्याची सवयही त्या मनाईतून सुटली नाही. तरीही नेवरी राहिली आणि चतुर्थीची व नाताळची तबके दोन्ही बाजूंनी जात-येत राहिली. कोकणातील बेने इस्राएल समाज रोश हशाना या नववर्षाच्या सणाला गव्हाचा चीक, नारळाचे दूध व साखर आटवून चिकाचा हलवा करतो व तो नातलगांकडे पाठवितो. १९४८ नंतर यांपैकी बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली आणि हलवाही त्यांच्याबरोबर गेला.

विसाव्या शतकात फराळात दोन मोठे बदल झाले. पहिला साखरेचा. पूर्वी साखर हा महाग जिन्नस असल्याने ग्रामीण घरांत गुळावर भागविले जाई. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ मध्ये झाला व पुढील दोन-तीन दशकांत महाराष्ट्र ऊस-साखरेचा प्रमुख प्रदेश बनला. दुसरा बदल स्निग्ध पदार्थांचा : वनस्पती तुपाचे डबे १९३० नंतरच्या काळात बाजारात आले व मध्यमवर्गीय कढईतून साजूक तूप हळूहळू हटले. दुसऱ्या महायुद्धात, मे १९४३ पासून, मुंबईत शिधावाटप सुरू झाले. त्यानंतरच्या टंचाईच्या वर्षांत सणासाठी शिधापत्रिकेवर जादा साखर कधी सुटते, याकडे गृहिणींचे लक्ष असे. हा धागा अजून तुटलेला नाही. २०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्र शासनाने शिधापत्रिकाधारकांना रवा, हरभरा डाळ व साखर प्रत्येकी एक किलो आणि एक लिटर पामतेल असा ‘आनंदाचा शिधा’ शंभर रुपयांत दिला. या चार जिन्नसांतून कोणते पदार्थ होतात, हे वेगळे सांगण्याची गरज नव्हती.

पाककृती तोंडी व हाताच्या अंदाजाने शिकविल्या जात. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे सूपशास्त्र (१८७५), लक्ष्मीबाई धुरंधर यांचे गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया (१९१०) आणि कमलाबाई ओगले यांचे रुचिरा (१९७०) या पुस्तकांनी त्या कागदावर आणल्या. नोकरीनिमित्त शहरात वेगळे बिऱ्हाड करणाऱ्या सुनेला सासूऐवजी पुस्तकाचा आधार मिळाला. त्याचबरोबर जातिपरत्वे व प्रांतपरत्वे वेगळे असलेले फराळ एकमेकांसारखे होऊ लागले. पूर्वी शेजारणी पाळीपाळीने एकेकीकडे जमून करंज्या लाटीत. नोकरी व सदनिका यांमुळे ते कठीण झाले आणि तयार फराळाला मागणी वाढली. १९५९ मध्ये गिरगावात सात स्त्रियांनी सुरू केलेला लिज्जत पापड आणि १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी खाणावळवाल्या स्त्रियांसाठी स्थापन केलेले अन्नपूर्णा महिला मंडळ यांनी घरच्या हाताला बाजारात मोल मिळू शकते हे दाखविले होते. पुण्यात दि पूना मर्चंट्स चेंबर दिवाळीत ना नफा ना तोटा या तत्त्वावर लाडू-चिवड्याची विक्री करते. विकत घेतलेल्या फराळाने प्रथेचा ऱ्हास झाला, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ती करणाऱ्यांत कढईसमोर बसणारे थोडेच असतात. परदेशी असलेल्या मुलांना टपाल व कुरिअरने जाणाऱ्या खोक्यांत आता घरचे व विकतचे दोन्ही असते. चिवडा पोहोचतो, चकल्यांचा मात्र चुरा होतो.

ज्या घरात वर्षभरात मृत्यू झालेला असेल, तेथे पुष्कळ कुटुंबांत त्या दिवाळीला तळणीची कढई चुलीवर ठेवीत नाहीत. अशा घरी नातलग व शेजारी आपला फराळ घेऊन जातात. एरवी ताट दारातून देऊन परतण्याची पद्धत असली, तरी या वेळी घरात जाऊन थोडा वेळ बसतात व घरातील मुलांना आपल्या समोर खावयास लावतात.