ऑटोमॅटिक क्लच: एका शब्दात लपलेली तीन कामं

दुचाकीवर ऑटोमॅटिक क्लच सगळ्यात आधी कुणी आणला? चार जणांना विचारून बघा. लुनावर शाळेत शिकवायला जाणारे जुन्या पिढीतले गुरुजी म्हणतील, 'आमच्या लुनाला क्लचच नव्हता.' येझदीचे शौकीन म्हणतील, 'जावाला तर पहिल्यापासून विदाऊट क्लच गिअर पडायचे.' ज्यांनी थोडं वाचलंय ते होंडाच्या सुपर कबचं नाव घेतील.

गंमत म्हणजे तिघंही खरं बोलतायत, फक्त तिघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलतायत. आजच्या लेखात आपण हा गुंता सोडवू. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर इंजिनशी तुमचा काही संबंध नसला तरी वाचा. लिटरेचर रिव्ह्यू करताना हाच गुंता वेगळ्या नावाने तुमच्यासमोर येणार आहे.

क्लच नेमकं करतो काय?

इंजिन शून्य वेगाने चालू राहू शकत नाही. मिनिटाला हजारएक फेऱ्यांच्या खाली गेलं की ते बंद पडतं. चाक मात्र सिग्नलला शून्यावरच असतं. मग या दोघांना जोडायचं कसं? मधे काहीतरी घसरणारं हवं. सुरुवातीला घसरेल आणि हळूहळू घट्ट धरेल असं. तो क्लच.

साध्या मोटरसायकलमध्ये क्लचप्लेटा स्प्रिंगने घट्ट दाबलेल्या असतात. डाव्या हाताने लिव्हर ओढला की त्या सुटतात. आता हा डावा हात दिवसभर काय काय करतो ते मोजा:

१. गाडी जागेवरून उचलताना प्लेटा हळूहळू जोडतो आणि थांबताना सोडवतो.
२. गिअर बदलताना क्षणभर जोर तोडतो.
३. यातलं काही चालू नसताना प्लेटा जोडलेल्या राहू देतो, म्हणजे जोर उलट्या दिशेनेही, चाकाकडून इंजिनकडे, जाऊ शकतो. गाडी ढकलून चालू करणं किंवा उतारावर इंजिनचा ब्रेक मिळणं यावरच अवलंबून असतं.

'ऑटोमॅटिक क्लच' म्हणताना आपण या तिन्ही कामांना एकाच पोत्यात भरतो. इतिहासात ती वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या लोकांनी सोडवली.

दुसरं काम आधी: जावा

दुसऱ्या महायुद्धात चेकोस्लोव्हाकिया जर्मनीच्या ताब्यात होता. त्या काळात जावाच्या इंजिनिअरांनी गुपचूप एक नवी गाडी तयार केली. ती २५० सीसी 'पेराक' १९४६ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली. तिच्यात एक हुशार सोय होती. गिअरची दांडी पायाने दाबली की तिच्या शाफ्टवरचा उंचवटा आधी क्लचप्लेटा सोडवायचा, मग गिअर बदलायचा. पाय काढला की प्लेटा परत जोडल्या जायच्या. म्हणजे चालत्या गाडीत डाव्या हाताला कामच नाही.

पण गाडी जागेवरून उचलायला आणि थांबवायला लिव्हर लागायचाच. म्हणजे दुसरं काम सुटलं, पहिलं तसंच राहिलं.

ही सोय आपल्याकडेही आली. मुंबईची इराणी कंपनी जावा आयात करून विकायची. त्यातून पुढे म्हैसूरला 'आयडियल जावा' उभी राहिली आणि १९७० च्या दशकात 'येझदी' हे नाव आलं. जुनी येझदी चालवणारा कुणी भेटला तर क्लच न दाबता गिअर टाकून दाखवायला सांगा. तो आनंदाने दाखवेल.

पहिलं काम: मोपेड

युद्धानंतरच्या युरोपात सायकलवरून थेट इंजिनवर येणारा मोठा वर्ग होता. त्याला गिअर-क्लच शिकायचा नव्हता. मोटोबेकानच्या मोबिलेटसारख्या फ्रेंच मोपेडवर १९५० च्या दशकात सेंट्रिफ्यूगल क्लच दिसू लागला. एक्सलेटर पिळला की फिरणारे शूज बाहेर सरकून ड्रमला घासतात आणि गाडी चालू लागते. एक्सलेटर सोडला की स्प्रिंग त्यांना आत ओढते.

पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगची, १९७२ ची लुना याच घराण्यातली. तिचं मूळ पियाजिओची 'चाओ'. गाडी ५० सीसीची, गिअर एकच. आता बघा, गिअरच एक आहे म्हटल्यावर दुसरं काम उरतच नाही. लुनाने ते सोडवलं नाही, तिला त्याची गरजच पडली नाही. तुमच्या वाचनात एखादी पद्धत 'यशस्वी' दिसली तर हे तपासा: अवघड भाग तिने सोडवलाय की तो तिच्या वाट्यालाच आला नाही?

थोडं गणित

सेंट्रिफ्यूगल क्लच का चालतो हे F = mrω² या एका सूत्रात आहे. त्यातला वर्ग महत्त्वाचा. समजा ५० ग्रॅमचं वजन ४ सेंटिमीटर त्रिज्येवर फिरतंय आणि त्याला आत धरून ठेवणारी स्प्रिंग ४० न्यूटनची आहे (आकडे माझे, हिशोब सोपा जावा म्हणून घेतलेले). मिनिटाला १,००० फेऱ्यांना बल साधारण २२ न्यूटन येतं. स्प्रिंग जिंकते, क्लच सुटलेला, इंजिन निवांत. साधारण १,३५० फेऱ्यांना दोघं बरोबरीत येतात. ३,००० फेऱ्यांना बल १९७ न्यूटन, म्हणजे क्लच घट्ट. वेग तिप्पट केला आणि बल नऊपट झालं. म्हणूनच सुट्यापासून घट्टपर्यंतचा सगळा प्रवास एक्सलेटरच्या थोड्याशा पिळण्यात उरकतो.

आता हेच वजन क्रँकशाफ्टवर न ठेवता तीनपट हळू फिरणाऱ्या गिअरबॉक्सच्या शाफ्टवर ठेवा. इंजिन ४,००० च्या पुढे गेल्याशिवाय क्लच पकडायला सुरुवातच करणार नाही. मग वजनं जड करा किंवा क्लच क्रँकवर न्या. क्लच कुठे बसवायचा हा निर्णय असा सूत्रातून येतो.

तिन्ही एकत्र: सुपर कब

१९५६ मध्ये सोइचिरो होंडा आणि त्यांचे व्यवसायातले भागीदार ताकेओ फुजिसावा जर्मनीला गेले. तिथे त्यांनी क्राइडलरच्या मोपेड आणि लॅम्ब्रेटा स्कूटर बघितल्या. आपल्या देशात चालेल असं त्यांना त्यात काही सापडलं नाही. जपानच्या कच्च्या रस्त्यांना आणि चढांना एका गिअरची मोपेड पुरणारी नव्हती. आणि ग्राहक कोण? सोबा नूडल्स घरपोच देणारा हॉटेलातला पोऱ्या. त्याच्या एका हातात ट्रे. राहिला एक हात.

ही अट नीट वाचा. एका हाताने चालवायची म्हणजे पहिलं काम सुटलंच पाहिजे. चढासाठी तीन गिअर हवेत म्हणजे दुसरंही सुटलं पाहिजे. लुनासारखी पळवाट नाही आणि जावासारखं अर्धं उत्तरही चालणार नाही.

ऑगस्ट १९५८ मध्ये सी१०० सुपर कब आली. इंजिन ४९ सीसी फोर-स्ट्रोक, ताकद मिनिटाला ९,५०० फेऱ्यांना ४.५ अश्वशक्ती, गिअर तीन. क्लच थेट क्रँकशाफ्टवर होता, म्हणजे वजनं छोटी ठेवून भागलं. गाडी उचलणं-थांबवणं या वजनांच्या हवाली. गिअरचं पेडल दाबलं की पहिल्या टप्प्यात प्लेटा सुटतात, पुढच्या टप्प्यात गिअर पडतो, पाय काढला की प्लेटा जोडतात.

पण यातूनच तिसरं काम अंगावर आलं. साध्या क्लचमध्ये स्प्रिंग प्लेटा जोडून ठेवते. इथे इंजिन बंद असलं की प्लेटा सुट्या. मग किक मारली तर तो जोर इंजिनपर्यंत पोचणार कसा? त्यासाठी क्लचमध्ये स्क्रूसारख्या तिरक्या आट्यांची सोय होती. जोर उलट्या बाजूने आला की भाग आट्यांवरून सरकतो आणि प्लेटा आपोआप दाबल्या जातात. किक लागते, ढकलून गाडी चालू होते, उतारावर इंजिनचा ब्रेकही मिळतो. पहिल्या कामाच्या उत्तरानेच हा नवा प्रश्न तयार केला होता. प्रयोगशाळेत हे रोज होतं, त्यामुळे तुम्हालाही लवकरच ओळखीचं वाटेल.

पुढे २०१७ पर्यंत कब मालिकेच्या १० कोटी गाड्या बनल्या. हा आकडा एकट्या क्लचमुळे आला असं म्हणू नका. किंमत, फोर-स्ट्रोक इंजिन, १९६० चा सुझुका कारखाना, सगळ्यांचा त्यात वाटा आहे. एका कारणावर सगळं श्रेय टाकायचा मोह थीसिसमध्येही होतो आणि व्हायव्हात नेमका तिथेच प्रश्न येतो.

मग 'पहिला' कोण?

कामानुसार उत्तर बदलतं. गिअर बदलताना क्लच आपोआप सुटणं म्हणाल तर जावा कबच्या एक तप आधी. बिनलिव्हरची सुरुवात म्हणाल तर मोपेडही कबच्या आधी. तिन्ही कामं एकत्र जुळवून सामान्य माणसाच्या हाती देणं म्हणाल तर सुपर कब. आणि 'पहिला' हा शब्द तसाच ठेवून वाद घातलात तर वर्षभर घालू शकाल, हाती काही लागणार नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या: उत्तरं एका रेषेत पुढे गेलेली नाहीत. जावाने १९६० च्या दशकात काही मॉडेलांवर सेंट्रिफ्यूगल क्लच बसवला, म्हणजे ते दुसऱ्या टोकाकडून त्याच ठिकाणी पोचले. आणि आजच्या गिअरलेस स्कूटरने गिअरच काढून टाकले, पट्ट्यावर चालणारं व्हेरिएटर आणलं आणि दुसरं काम पुन्हा रद्द केलं. मागच्या चाकापाशी मात्र शूज आणि ड्रमचा तोच जुना सेंट्रिफ्यूगल क्लच आहे. तुमच्या गल्लीतल्या मेकॅनिककडे एखादी स्कूटर उघडलेली असेल तेव्हा बघून या.

तुमच्यासाठी गृहपाठ

तुमच्या विषयातला एक मोठा, सगळे सर्रास वापरतात असा शब्द घ्या. 'स्मार्ट', 'ग्रीन', 'बायोडिग्रेडेबल', काहीही. एका कागदावर त्या शब्दात लपलेली कामं किंवा दावे सुटे लिहा. प्रत्येकासमोर तीन रकाने करा: कुणी सोडवलं, कुणाला त्याची गरजच पडली नाही, आणि ते सोडवताना कोणता नवा प्रश्न उभा राहिला. मग दहा पेपर या तक्त्यात बसवून बघा. जो चौकोन रिकामा राहील, तिथे तुमच्या संशोधनाचा प्रश्न असण्याची शक्यता बरीच आहे. गाईडकडे जाताना हा कागद सोबत न्या.